ठमीबायचा झेल

गर्दी इतकी होती की येसाजींच्या अंगणातल्या माडावरसुद्धा दोघे बसले होते, आणि ते नारळ काढायला चढलेले नव्हते. ओटीवर बायका, पायऱ्यांवर पुरुष, आणि सगळ्यांचे डोळे एका खाटेकडे. खाटेवर हिरवं लुगडं गुंडाळलेला एक ब्लूटूथ स्पीकर होता. चार्जिंग पूर्ण. गेल्या महिन्यापासून गाव त्याला ठमीबाय म्हणत होतं.

आतल्या खोलीतून सुनेचा आवाज आला, ‘आंब्याच्या पानानं मांडव सजला गो...’

आणि क्षणभरानं लुगड्यातून, जरा घोगरा, जरा दुरून आल्यासारखा, ‘आंब्याच्या पानानं मांडव सजला गो...’

“झेल घेतला! ठमीबायनं झेल घेतला!” शेजारच्या काशीनं खाटेसमोर लोटांगण घातलं. बायकांचे पदर डोळ्यांना लागले.

किहीमच्या पुढच्या या आगरी गावात लग्नाला भटजी उशिरा आला तर चालतो, धवलारीण उशिरा आलेली चालत नाही. ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते, तेव्हा हळद लागते आणि मांडव उभा राहतो. एक बाई ओळ म्हणते, दुसरी तीच ओळ पाठोपाठ झेलते. ठमीबाय चाळीस वर्षं गावाची धवलारीण होती आणि सात वर्षं सून प्रणाली तिच्या जोडीला असे. मागून येणारी ओळ म्हणजे झेल, हे गावाच्या कानांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं. कॉम्प्युटरमधून आवाज मागाहून आला, तर दुसऱ्या गावानं दुरुस्तीवाल्याला फोन केला असता. या गावानं भगताला केला.

सगळं सुरू केलं होतं प्रणालीनंच. सासू गेल्यावर तिचे एकशे एक धवले हरवू नयेत म्हणून तिनं नवऱ्याचा जुना कॉम्प्युटर पुसला, माइक आणला, वाऱ्याचा आवाज नको म्हणून खिडक्यांना गोधड्या ठोकल्या. पहिली ओळ म्हटली आणि हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज मागून आला. किंचितच, पण मागून. ती सासऱ्यांना सहज म्हणाली, “बाबा, ऐका तर, कुणी झेल घेतल्यासारखं वाटतं.”

येसाजींनी हेडफोन कानाला लावले आणि आयुष्यभर मिठागरात राबलेला तो माणूस हमसून हमसून रडला.

तिथंच ती अडकली. सासऱ्यांचं रडणं बघून ‘मशीनमध्ये बिघाड असेल’ हे वाक्य तिनं गिळलं. दुसऱ्या दिवशी रामचंद्र भगत आला. सोबत त्याचा चेला सदू, जो एरवी हळदीला डीजे लावायचा.

भगतानं नाडी तपासावी तसा माइक तपासला. “आत्म्याची फ्रिक्वेन्सी हाय ही. वरून खाली यायला वेळ लागतो का नाय? मांडव्याहून मुंबईला रो-रो बोट तासभर लावते. तुमची ठमीबाय अर्ध्या सेकंदात येते. पुण्यवान बाई!”

मग हुकूम सुटले. एकशे एक धवले पुरे होईपर्यंत दर मंगळवारी आणि शनिवारी पाच-पाच धवल्यांची बैठक. ओटीवरच्या खाटेवर सदूनं आणलेला स्पीकर, त्यावर ठमीबायचं लुगडं. कॉम्प्युटरला फक्त सदू हात लावणार. खोलीच्या उंबऱ्यावर राखेची रेघ, ती सून आणि सदूशिवाय कुणी ओलांडायची नाही; अंगणाच्या कडेला दुसरी. “सून अंगणाबाहेर गेली तर झेल तुटेल. ठमीबाय दुसऱ्यांदा मरेल आणि पाप हिच्या माथी.”

आज एकेचाळिसावा धवला होता. आणि उद्या सकाळी अकरापर्यंत प्रणालीनं अलिबागच्या शाळेत संगीत शिक्षिका म्हणून हजर व्हायचं होतं. तीन वर्षांनी आलेली नेमणूक. नाही गेली तर यादीतली पुढची बाई जाणार. नवऱ्याला, धनेशला, फोन केला तर तो ट्रेलर चालवता चालवता म्हणाला, “बाबांना दुखवू नको. बघ कसं जमतंय ते.” कसं जमणार ते त्यानं सांगितलं नाही.

गोधड्यांच्या खोलीत पंखा लावायचा नाही, माइकला ऐकू जातो. दारात गर्दी. कानांवर हेडफोन आणि त्याची वायर कॉम्प्युटरला, खुंट्याला बांधल्यासारखी. त्यात आपलीच ओळ उशिरा कानात पडली की पुढचा शब्द जिभेवर थबकतो, माणूस अडखळतो. ती अडखळली की भगत बाहेर ओरडे, “बघा, जीभ जड झाली! अंगात आली!”

पण अडखळता अडखळता तिच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. पहिल्या दिवशी उशीर किंचित होता. भगत आल्यापासून तो वाढला होता. आणि प्रत्येक बैठकीआधी सदू उदबत्ती ओवाळायच्या निमित्तानं स्क्रीनसमोर वाकून माऊस हलवत असे. स्वर्ग लांब गेला होता की काय? काल मोरीत नळ सोडून तिनं शुभमला फोन लावला. कॉलेजातला मित्र, अलिबागला नाटकांची ध्वनिव्यवस्था बघणारा.

“भूत कसलं, बफर आहे तो,” शुभम म्हणाला. “कॉम्प्युटर आवाज थेंबथेंब नाही देत. भांडं भरतो, मग ओततो. भांडं मोठं, उशीर मोठा. सेटिंगमध्ये एक पट्टी असते, ती कमी कर. फार कमी केलीस तर तडतडेल, मग जराशी वाढव. आणि तो ब्लूटूथ स्पीकर आधी काढ, त्याचं भांडं आणखी वेगळं. माझ्याकडे हा प्रॉब्लेम आठवड्याला चार जण आणतात. रडत मात्र कुणी येत नाही.”

आंब्याच्या पानाची ओळ पुन्हा आली. प्रणालीनं दम घेतला आणि सुरात, शुद्ध सुरात, म्हटलं, ‘कांद्याच्या पानानं मांडव सजला गो...’

ओटीवरच्या बायका दचकल्या. ठमीबायनं एका लग्नात शब्द चुकला म्हणून वरात तासभर थांबवली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे लुगड्याकडे बघू लागले.

‘कांद्याच्या पानानं मांडव सजला गो...’ लुगडं अगदी भक्तिभावानं म्हणालं.

“कांदा?” काशी उठून बसली. “ठमीबाय कांदा म्हनली?”

“शांत बसा!” भगत सावरला. “आत्मा नम्र झालाय. मेल्यावर मानूस सुधारतो.”

पायरीवरून येसाजी हळूच उठले. “कोन सुधारतो?”

“ठमीबाय.”

“ठमी? सुधारली?”

म्हातारा गर्दीतून वाट काढत आत आला, राखेवर पाय देऊन. राखेची रेघ पुसली गेली, हे भगताच्या आधी त्याच्या चेल्याला दिसलं. येसाजींनी सुनेच्या हातातला माइक घेतला आणि पानाची चंची शोधताना घरात रोज मारायची ती हाक मारली, “ठमे, माझी चंची कुठं ठेवलीस गो?”

क्षणभर गेला. खाटेवरून येसाजींच्याच आवाजात उत्तर आलं, “ठमे, माझी चंची कुठं ठेवलीस गो?”

माडावरचा एक जण हसला आणि घसरता घसरता वाचला.

“चाळीस वर्षं विचारलं,” येसाजी माइकमध्येच म्हणाले आणि स्पीकरही त्यांच्या मागून तेच म्हणत राहिला. “चाळीस वर्षं एकच जबाब. ‘डोळं फुटलं काय?’ माझं वाक्य माझ्याच तोंडावर फेकनारी ही बाई माझी ठमी नाय.”

“बाबा,” प्रणाली हेडफोन काढत म्हणाली, “मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. मिठागरात उघाडीच्या दारातून पाणी आत घेतलंत तर ते त्याच क्षणी शेवटच्या वाफ्यात पोचतं का? आधी पहिला वाफा भरतो. तसा माझा आवाज आधी यात भरतो, मग बाहेर पडतो. घोगरा का, तर तोंडावर लुगडं गुंडाळलंय म्हणून.” ती सदूकडे वळली. “सदू, हळदीला गाणाऱ्याला माइक देतोस तेव्हा ही पट्टी कुठं ठेवतोस?”

“एकदम खाली,” सदू म्हणाला. धंद्याचा प्रश्न आला की माणूस खरं बोलून जातो.

“आणि इथं?”

सदूनं भगताकडे बघितलं. भगत चपला शोधत होता.

प्रणालीनं स्पीकरचा ब्लूटूथ बंद केला, वायरचा हेडफोन सासऱ्यांच्या कानावर ठेवला, पट्टी खाली ओढली आणि आंब्याच्या पानाची ओळ म्हटली. येसाजींनी डोळे मिटले. मागून कुणी आलं नाही. एकच आवाज होता, सुनेचा, जिथल्या तिथं.

“गेली,” ते म्हणाले.

“ती माघात गेली, बाबा. शेजारी बसून झेलायची ती आता कुठल्याच पेटीत नाय. पण शिकवलेलं सगळं माझ्यात हाय. ते मना शाळेत शिकवायला जायचंय. उद्या.”

म्हाताऱ्यानं गोधड्या लावलेली खिडकी गाठली. मग एक गोधडी ओढून काढली. खाऱ्या वाऱ्याची झुळूक आत आली. “पहिली एसटी कवाची?”

“साडेसातची.”

काशी अजून दारात उभी होती. “म्हनजे आमी महिनाभर स्पीकरच्या पाया पडलो?”

“पडलात,” प्रणाली म्हणाली. “त्यात लाज नाय. आवाज खराच होता, ऐकलात तोही खराच. फक्त तो कुठून येतो हे बघायला कुणी आत आलं नाय, आणि बघणाऱ्याला आत येऊ दिलं नाय. एवढंच ध्यानात ठेवा. जो माणूस चमत्कार दाखवतो आणि यंत्राला हात लावू नका म्हणतो, त्याच्या यंत्राला आधी हात लावा. चमत्कार खरा असेल तर हात लावल्यानं मोडणार नाय. मोडला, तर तो चमत्कार नव्हता आणि तुम्ही पापी नाय.”

येसाजींनी ओटीवर जाऊन खाटेवरचं लुगडं उचललं, झटकलं, घडी घातली आणि काखेत घेतलं. उघड्या पडलेल्या स्पीकरचा निळा दिवा लुकलुकत राहिला, कुणाशी तरी जोडून घ्यायला.

“बसलात काय?” ते गर्दीवर खेकसले. “माझ्या सुनेला कपडं भरायचं हायत. वाट द्या.”