कापसाच्या रानात सांगितलेलं

शिवांजली धारूरच्या एका किराणा दुकानदाराची मुलगी. पीएच.डी.साठी ती शिरूर कासार तालुक्यातल्या एका गावात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांशी बोलत होती. विषय होता मुलींची लवकर होणारी लग्नं.

आधी तिनं मारुतीच्या पारावर गटचर्चा घेतली. एका बैठकीत गावाचा सूर कळतो, असं तिला शिकवलं होतं. इथं सूर एकटीचाच लागला. बायकांत वयानं थोरल्या तुळजाबाई म्हणाल्या, "आमच्यात आठराच्या आत लगीन न्हाई करत, बाई." बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. त्यांची सून अंजना तेवढी खाली बघत राहिली.

मग नुसतं निरीक्षण करावं म्हणून शिवांजली आळीत जाऊन बसू लागली. पण ती दिसली की बायकांचं बोलणं भाजीपाल्यावर यायचं. हाती काहीच लागेना.

शेवटी ती अंजनाबरोबर रानात गेली आणि कापूस वेचू लागली. मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करताना म्हणाली, "तुमचं नाव कुठं जाणार नाही."

"ते बंद करा आदी," अंजना म्हणाली. फोन पिशवीत गेल्यावर ती हळूच बोलली, "माज्या सायलीचं परवा लगीन हाय. धाव्वीत हाय पोरगी. आमी तोडीला गेल्यावर तिला ठिवायचं कुठं, म्हनून सासूनं जमवलं."

गटात कधीच निघालं नसतं ते एकटीकडून निघालं, आणि आता शिवांजलीच्या गळ्यात येऊन पडलं. परतताना ती पायवाट चुकली. पहिल्याच बांधावरून तिनं मार्गदर्शक रोहिणी मॅडमना फोन लावला.

"लहान मुलीचा प्रश्न असेल तर गुप्तता पाळता येत नाही, हे तिला आधी सांगितलं होतंस?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"मग आधी तिच्याकडे जा. तिच्या नकळत काही करू नकोस. पण वेळही घालवू नकोस."

अंजना हापशावर भेटली. "मला हे कळवावं लागणार आहे," शिवांजली म्हणाली. "नाव सांगणार नाही. पण घरचे ओळखतील कदाचित."

अंजनानं दांडा सोडला. "मंग मला कावून इचारता? हो म्हनलं तर घर मोडलं, न्हाई म्हनलं तर पोरीची वैरीण. तुमचं तुमी बघा." घागर तशीच अर्धी घेऊन ती निघून गेली.

शिवांजलीनं मुलांच्या मदतीसाठीच्या चाइल्डलाइनला फोन केला. दुसऱ्या दिवशी मांडव उभा राहत असतानाच अधिकारी आले. तुळजाबाईंकडून आणि सायलीच्या वडिलांकडून अठराच्या आत लग्न न करण्याचं हमीपत्र घेतलं, सायलीला कड्याला मावशीकडे पाठवलं. त्यानंतर गावात शिवांजलीशी कुणी बोलेना. ती आली की दारं लोटली जात.

टोळीचे ट्रॅक्टर निघायच्या दिवशी ती लांब उभी होती. अंजनाच तिच्याकडे आली. चेहरा सुजलेला होता. "कुणी मारलं?" शिवांजलीनं विचारलं. अंजनानं हातातलं गाठोडं पुढं केलं. "पोरीचे कपडे हायेत. मला जाऊ देत न्हाईत तिकडं. तेवढं पोचवा."

कड्याच्या एसटीत शिवांजली मांडीवर गाठोडं घेऊन बसली. मुलीला काय सांगायचं, हे तिला सुचेना. खरं म्हणजे ती सायलीशी एकदाही बोलली नव्हती.

मावशीच्या ओसरीवर सायली दप्तर पसरून बसली होती. गाठोडं बघून तिनं विचारलं, "आई बरी हाय का?"

"तोडीला गेली."

"फोन तुमीच केल्ता ना?"

"हो."

सायलीनं गाठोडं जवळ ओढलं. "मला नकोच होतं लगीन," ती म्हणाली. "पण मला कुणी इचारलंच न्हाई. आजीनं न्हाई, आईनं न्हाई. तुमी बी न्हाई."

परतीची एसटी चुकत होती, तरी शिवांजली ओसरीवर टेकली. "आता विचारू?" ती म्हणाली.

सायलीनं पुस्तक मिटलं आणि तिच्यासाठी जरा सरकून घेतलं.