कडी बाहेरून होती

बँडमध्ये तिघंच होते. गाणारा आणि गिटार वाजवणारा धाकटा भाऊ, बेस गिटार वाजवणारी त्याची थोरली बहीण, आणि ड्रमवर पैलवान. पैलवान म्हणजे फुंकर मारली तर उडून जाईल अशा अंगकाठीचा पोरगा, पण हातात काठ्या आल्या की भिंतींचे पोपडे पडायचे. धाकट्याचं ऐकून तोही थोरलीला ताई म्हणायचा, आणि मग तिला सगळेच ताई म्हणायला लागले.

अल्बमचं रेकॉर्डिंग एका छापखान्याच्या तळघरात झालं. वर छपाईची यंत्रं सुरू झाली की छत हलकंसं थरथरायचं, म्हणून हळू वाजवायचे तुकडे जेवणाच्या सुट्टीत उरकून घ्यायचे. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. कोपऱ्यात गायकासाठी वेगळी खोली होती, म्हणजे मोठं कपाटच. आत माइक, एक दिवा आणि छोटी काच बसवलेलं जाडजूड दार. ताई त्या बाजूला फिरकायची नाही. बेसची वायर नेहमी बाहेरच्या टेबलाला लागायची, त्यामुळे तिथे जायची वेळच येत नसे, आणि हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

आधी ड्रम आणि बेस, मग गिटार, गाणं सगळ्यात शेवटी. धाकट्याचे शब्द कधीच वेळेवर तयार नसत. चाल कळावी म्हणून तो तोंडाला येईल ते गुणगुणायचा आणि बाकीचे दोघं त्यावर वाजवायचे. सगळी गाणी अशीच बसली. ताईने तिचं काम संपवलं, वायर गुंडाळून ठेवली, आणि मग त्या कपाटातून धाकट्याचा आवाज पहिल्यांदा शब्दांसकट तिच्या कानांत आला.

प्लास्टिकच्या पिशव्यांत टांगलेले कोट. पेट्रोलसारखा वास. दाराखालची उजेडाची रेघ. 'मी मोजत नाही श्वास, मला मोजता येत नाही.'

तिने हेडफोन काढले नाहीत. गाणं संपेपर्यंत ती टेबलाची कड धरून बसून राहिली.

बाबांचं ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं. दुकानामागे लोकांचे न नेलेले कपडे ठेवायची खोली, बिनखिडकीची. एखादी कॉलर करपली, बटण तुटलं, नाहीतर नुसतं उलट उत्तर दिलं, तरी बाबा ताईला दंडाला धरून तिथे नेत आणि बाहेरून कडी घालत. मग दुकान बंद होईपर्यंत ती आत. आई पुढे इस्त्री करत असायची. इस्त्रीचा आवाज थांबायचा नाही. धाकट्याला बाबांनी कधी बोट लावलं नाही, तो लाडका. तो दाराबाहेर फरशीवर बसायचा आणि आतलीला भीती वाटू नये म्हणून काहीतरी गुणगुणायचा. ती आतून दारावर बोटांनी ठेका धरायची. दोघांची तालीम म्हणाल तर तेव्हापासून सुरू झाली होती.

धाकटा घाम पुसत बाहेर आला. रेकॉर्डिस्ट चहा आणायला वर गेला होता.

"हे कुणाबद्दल आहे?" ताईने विचारलं.

"आपल्याबद्दल."

"आपण दोघं आत नव्हतो."

"गाण्यात 'मी' लागतो गं. माझ्या बहिणीला कोंडायचे, असं म्हणून गाणं उभं राहत नाही."

"मग तू बाहेर होतास ते लिही."

त्याने सुरात असलेली गिटार पुन्हा सुरात लावायला घेतली. "त्यात काय आहे लिहिण्यासारखं?"

होतं. सुरुवातीला त्याचा हात कडीपर्यंत पोचत नव्हता. पुढे पोचायला लागला. ताईला ते माहीत होतं, कारण गुणगुणणं दाराच्या वरच्या अंगाने यायला लागलं होतं. तो आता उभा राहून गायचा. कडी मात्र कधी वाजली नाही. हे तिने त्याला आजवर बोलून दाखवलं नव्हतं. लहान होता, तोही घाबरत होता, अशी समजूत तिने स्वतःची घातली होती आणि ती बरीच वर्षं टिकली होती.

"आणि अल्बमचं नाव?" तिने विचारलं.

"आतून कडी."

"कडी बाहेरून होती."

"कळतं मला. पण ऐकायला हे बरं वाटतं."

ताईने पुढे वाद घातला नाही. कोण ऐकणार आहे, असं तिला मनापासून वाटलं. त्यांची आधीची गाणी मित्रमंडळींनी ऐकली होती आणि तीसुद्धा भिडेखातर.

शेवटच्या गाण्यात मागे बाईचा आवाज हवा, असं रेकॉर्डिस्टने काढलं. दोनच ओळी होत्या. ताईने दार उघडं ठेवून गायचं कबूल केलं, पण वर यंत्र चालू झालं आणि रेकॉर्डिस्टने जाता जाता दार ढकललं. पहिली ओळ तिने नीट म्हटली. दुसऱ्या ओळीला तिचा श्वास वरच्या वर अडकायला लागला. मूठ दारावर आपटली, पण गाद्या लावलेल्या दाराचा आवाज कितीसा होणार. पैलवानाने काचेतून तिचा चेहरा पाहिला आणि धावत जाऊन दार ओढलं. ती बाहेर येऊन जमिनीवरच बसली. पैलवानाने पाणी दिलं. "ताई, हळू. झालं, झालं," तो म्हणत राहिला. धाकटा टेबलापाशी उभा होता. त्याची नजर रेकॉर्डिंगच्या यंत्रावर हलणाऱ्या सुयांवर होती.

अल्बम बाहेर आला तेव्हा ताईने तो दुकानात, इस्त्री करता करता ऐकला. बाबांना पक्षाघात झाल्यापासून दुकान तीच बघत होती. शेवटचं गाणं संपलं, गिटार विझली, आणि शांततेतून श्वास ऐकू यायला लागले. तुटक, वरवरचे, मध्येच घशात घुसमटलेले. मग दारावर एक मूठ. तिथे अल्बम संपत होता.

तिने इस्त्री उभी केली आणि धाकट्याला फोन लावला.

"ते काढून टाक."

"आता कसं काढणार? सगळीकडे गेलंय. आणि ताई, खरं सांगू, अख्ख्या अल्बममध्ये तेवढंच खरं आहे."

"म्हणूनच काढ म्हणतेय."

 त्याच्याकडे कुणीतरी आलं होतं, मागे हसणं चाललं होतं.

सुरुवातीचे काही आठवडे अल्बमला कुत्रंही विचारत नव्हतं. मग एका नावाजलेल्या समीक्षकाने त्यावर लांबलचक लिहिलं. शेवटच्या श्वासांबद्दल त्याने लिहिलं की, इथे गायक गाणं सोडून देतो आणि फक्त जगत राहतो, असं धाडस आपल्याकडे विरळा. त्यानंतर रेडिओवर धाकट्याची मुलाखत झाली. लहानपणी मला कोंडून ठेवायचे, तो म्हणाला. आवाज कापत होता, आणि तो कापरा आवाज नाटकी नव्हता. ताईला तेच सगळ्यात जड गेलं. तो खोटं बोलत होता आणि त्याला खरंच दुखत होतं.

मग मात्र लाट आली. कार्यक्रमाला गर्दी मावेना. पहिल्या रांगेतल्या पोरी शब्द न शब्द म्हणायच्या. कार्यक्रम संपल्यावर लोक थांबून राहायचे, धाकट्याच्या गळ्यात पडून रडायचे. एक मध्यमवयीन माणूस त्याचा हात धरून नुसताच उभा राहिला. धाकट्याने त्याला पोटाशी धरलं. ताई बाजूला बेस पेटीत ठेवत होती. तो माणूस तिच्याजवळून जाताना म्हणाला, "तुमचा भाऊ मोठा धीराचा आहे हो."

"हो," ती म्हणाली.

घरी वेगळंच चाललं होतं. दुकानाच्या शटरवर कुणीतरी काळ्या रंगाने बाबांना शिवी लिहिली. नेहमीची गिऱ्हाइकं कपडे घेऊन गेली ती परत आली नाहीत. बाबांना अंघोळ घालायला एक मावशी यायच्या, त्या एके सकाळी दारातूनच म्हणाल्या, "तुमच्या मुलाचं ऐकलं मी. मला नाही जमायचं आता. माझ्या हाताला यश यायचं नाही." आणि चप्पल पायातून काढायच्या आधीच मागे फिरल्या.

तेव्हापासून बाबांना पुसायचं, कूस बदलायची, भरवायचं काम ताईकडे आलं. बाबांना बोलता येत नव्हतं. उजवा हात लाकडासारखा पडलेला असायचा. तोच हात धुताना ताईच्या मनात काय यायचं, ते तिने कुणाला सांगितलं नाही. साबण लावायची, पाणी ओतायची, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायची. भरवताना बाबा तोंड मिटून घेत, तेव्हा मात्र तिचा हात क्षणभर थांबायचा. मग ती पुन्हा चमचा पुढे करायची.

"तू तरी सांग ना लोकांना," आई म्हणायची. "त्याला कधी कोंडलं नव्हतं. तुला माहीत आहे."

"आणि मला?"

आई पातेलं घासत राहायची. जरा वेळाने म्हणायची, "तुझं नाव तरी नाही ना आलं त्यात. तेवढं बरं म्हणायचं."

मग टीव्हीवरचं बोलावणं आलं. धाकट्याने तिला गळ घातली. "एकटा बसलो की लोकांना वाटतं मी रचून सांगतोय. तू नुसती शेजारी बस. बोलायचं मी बघतो." ताई गेली. का गेली, ते तिला पुढेही धड सांगता आलं नाही. कदाचित तिला बघायचं होतं, तिच्या समोर, तिच्या तोंडावर तो हे सगळं कसं सांगतो.

त्याने सांगितलं. कोट, वास, उजेडाची रेघ. सांगताना त्याने तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी डोळे टिपले आणि मग एकदम ताईकडे वळून विचारलं, "आणि तुम्ही त्या वेळी कुठे असायचात?"

हा प्रश्न येईल असं कुणी धरलंच नव्हतं. ताईने भावाकडे पाहिलं. त्याच्या मानेवरची शीर उडत होती. आता बोलेल, तिला वाटलं. आता तरी म्हणेल, की हिला विचारू नका, ही आत होती.

तो गुडघ्यांवरच्या स्वतःच्या हातांकडे बघत बसला.

"बाहेर," ताई म्हणाली. "मी दाराबाहेर बसायचे."

"आणि कडी?"

"हात पोचायचा माझा. पण काढली नाही."

 धाकट्याने मान वर केली, तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. समोरचे दिवे झळझळीत होते. मुलाखत पुढे गेली, नव्या कार्यक्रमांच्या तारखांवर आली, संपली. गाडीत दोघं मागच्या सीटवर दोन टोकांना बसले. तिने घर आल्यावर दार उघडलं आणि उतरली.

लोकांनी ताईला सोलून काढलं. बहीण म्हणायची लाज वाटते, असं परक्या माणसांनी लिहिलं. पुढच्या कार्यक्रमात ती मंचावर आली तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "दार उघड." काहीजण हसले. मग बऱ्याचजणांनी तेच धरलं, टाळ्यांच्या ठेक्यावर. पैलवानाने काठ्या खाली ठेवल्या आणि उठून उभा राहिला. त्याला माइकपाशी यायचं होतं. ताईने मानेनेच नको म्हटलं. कार्यक्रम तिने पुरा वाजवला. एकही सूर चुकला नाही. मग बेसची पेटी पैलवानाच्या हातात दिली.

"तुझ्याकडे राहू दे. नवीन कुणी येईल त्याला दे."

"ताई, मी सांगतो लोकांना. त्या दिवशी तळघरात मी पाहिलंय तुला."

"तू काही सांगू नकोस. तुझं पोट त्याच्यावर आहे."

दुकान त्या वर्षाअखेर बंद करावं लागलं. ताई एका हॉस्पिटलच्या धुलाईघरात लागली. मोठाली यंत्रं, चादरींचे ढीग, दिवसभर घरघर. तिथे कुणी गाणी ऐकत नव्हतं, आणि ऐकली असती तरी ऐकू आली नसती.

धाकटा घरी आला तो बऱ्याच महिन्यांनी, सुट्टीच्या दिवशी दुपारी. वाळला होता. आई शेजारी गेली होती. तो स्वयंपाकघरात स्टुलावर बसला, ताई तांदूळ निवडत होती.

"नवीन गाणं लिहिलंय," तो म्हणाला. "बाहेरच्या पोराचं. कडीचं. सगळं खरं."

ताईने निवडायचं थांबवलं नाही. "बरं."

"पण आता म्हणणार कसं? तू सगळ्या जगासमोर सांगितलंस, बाहेर तू होतीस. आता मी खरं सांगितलं की तू खोटी ठरतेस. लोक तुला आणखी फाडून खातील."

"आणि तुला?"

त्याने स्टूल जरा मागे सरकवलं.

"तू असं का म्हणालीस, ताई?"

"तू गप्प का बसलास?"

 तांदळातले खडे ती बशीत टाकत होती, टिक, टिक. मग आतल्या खोलीतून बाबांचा घोगरा आवाज आला. कूस बदलायची वेळ झाली की ते असेच कण्हायचे. ताईने हात झटकले आणि उठली. धाकटा दारापर्यंत मागोमाग आला. वडिलांना त्याने फार दिवसांत पाहिलं नव्हतं. तो उंबऱ्यावरच थबकला.

"मी काय करू?" त्याने विचारलं.

"पायांकडून धर. ओढू नकोस, कातडी सोलवटते."

त्याने धरलं. दोघांनी मिळून म्हाताऱ्याला भिंतीकडे वळवलं. पडून राहून पाठीला झालेली जखम ओली होती. ताईने ती पुसली, पावडर टाकली, नवीन कापड ठेवलं. धाकट्याने तोवर पाय सोडले नाहीत. बाबांची नजर भिंतीवर होती. मुलगा आला आहे हे त्यांना कळलं की नाही, ते दोघांनाही समजलं नाही.

संध्याकाळच्या आत तो निघून गेला. ते गाणं त्याने कुणालाच ऐकवलं नाही, पैलवानालाही नाही. जुनीच गाणी घेऊन बँड आणखी वर्षभर हिंडला. पुढे कार्यक्रम कमी झाले, पैलवान एका शाळेत तबला-ड्रम शिकवायला लागला, आणि बँड कधी मोडला ते कुणी जाहीरही केलं नाही. दुसरा अल्बम निघाला नाही.