मागून फिरणारा हात

थंडी उतरणीला लागली की हेडमाळ्यांच्या अंगात वारं शिरे. गुलाबांची छाटणी, वाफ्यांची खणणी, बियांचे ट्रे, कात्र्यांची धार, सगळं ऊन तापायच्या आत उरकायला हवं. सार्वजनिक बागेत चौतीस वर्षं काढलेला हा माणूस. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी घरामागच्या नर्सरीत शब्द त्यांचाच चाले. नर्सरी खरं तर सुनेची. गिऱ्हाइकं तिची, कुंड्या तिच्या, कंबरदुखीही तिचीच. पण सासऱ्यांपुढे ती आवाज चढवत नसे, आणि त्यात धाकापेक्षा माया जास्त होती. तिला बागेतलं ओ की ठो कळत नव्हतं, तेव्हा त्यांनीच हाताला धरून शिकवलं होतं.

यंदा मात्र काहीतरी बिनसलं होतं.

आधी गुलाब. हेडमाळी दोन दिवस वाकून छाटणी करत होते. संध्याकाळी सून बघायला गेली, तर पहिल्याच झाडाच्या कलमी फांद्या तळातून उडवलेल्या, आणि कलमाच्या खालून फुटलेला रानटी फुटवा, जो सगळ्यांत आधी काढायचा, तो ऐटीत उभा. चूक कोणाकडून होत नाही? असं म्हणून तिने तो फुटवा काढून टाकला. मग दुसरं झाड तसंच. पाचव्या झाडापर्यंत सगळी तशीच.

मग टोमॅटोचं बी. एका ट्रेमध्ये दोनदा पेरलेलं, शेजारचा ट्रे कोरडा ठणठणीत. तिने कोरड्या ट्रेमध्ये गुपचूप बी टाकलं. सकाळी सासरे त्या ट्रेवरून हात फिरवत म्हणाले, छान ओल धरलीय. तीही हो म्हणाली. अलीकडे ते भिंतीला हात लावत चालतात, हेही तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. एकदा तिने डोळे तपासून घेण्याचा विषय आडून काढला. त्यावर ते म्हणाले की माळ्याला हाताने दिसतं, आणि विषय तिथेच बुडाला.

नवरा महिन्यातले वीस दिवस कामासाठी बाहेरगावी. फोनवर त्याने सांगितलं, सरळ बोलून टाक. पण तिला ते जमेना. ज्या माणसाची सगळी ऐट त्याच्या कामात, त्याला आता तुमच्याकडून काम होत नाही असं कुठल्या तोंडाने सांगायचं? त्यापेक्षा ते दुपारी आडवे झाले की मागून हात फिरवून सगळं सारखं करून ठेवायचं. महिनाभर हेच चाललं होतं. कोणाचं काही बिघडत नव्हतं, निदान तिला तरी तसंच वाटत होतं.

त्या आठवड्यात तिने सामानाची खोली झाडून चुना मारायला काढली. खोलीत वाळूने भरलेल्या दोन लाकडी पेट्या होत्या. डावीकडच्या पेटीत कळलावीचे कंद, उन्हाळ्यानंतर वेलीला आगीच्या रंगाची फुलं यावीत म्हणून जपलेले. उजवीकडच्या पेटीत खायची रताळी, हंगामाच्या शेवटची, बोटभर जाडीची. कळलावीचा कंद जहाल विषारी. तिला पहिल्या वर्षी सासऱ्यांनीच बजावलं होतं, हात लावलास तर साबणाने धुवायचा, आणि ही पेटी कायम डावीकडे. चिठ्ठ्या लावायचा मात्र त्यांना राग. चिठ्ठी वाचून झाड ओळखणारा कसला माळी, असं ते म्हणत. चुना वाळल्यावर सुनेने पेट्या आत ढकलल्या, हाताला आली ती आधी. डावी-उजवीचा विचार तिच्या मनातही आला नाही.

दोन दिवसांनी नणंद चार दिवसांसाठी राहायला आली. घरात तिला ठमी म्हणत. लहानपणापासून उकडलेल्या रताळ्यांवर तिचा जीव. दुसऱ्या दिवशी सकाळीच सून एका कार्यालयाच्या दारात लावायच्या कुंड्या पोचवायला गेली, ती परतली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. सासरे ओसरीत खुर्चीवर बसले होते. कळलावी लावून टाकली, चौदा कुंड्या, असं त्यांनी समाधानाने सांगितलं.

सून सवयीने मागे गेली. पहिल्या कुंडीतली माती तिने बोटाने अलगद बाजूला केली. आत रताळं होतं.

तिने दुसरी कुंडी उकरली, मग तिसरी. सहावी तिने सरळ उलटी केली. लालसर सालीची, गोल अंगाची रताळी. एकही कंद कळलावीसारखा बेचक्याच्या आकाराचा नव्हता, एकालाही ते टोकदार कोंब नव्हते. चुना मारताना पेट्यांची अदलाबदल झाली होती. मग कळलावी कुठे गेली, हे तिला कळायला एक क्षण लागला. ती घराकडे पळाली तेव्हा एक चप्पल वाफ्यातच राहिली.

स्वयंपाकघरात ठमी ओट्याला टेकून पाणी पीत होती. ताटलीत सालं पडली होती, पातळ, पांढुरकी.

"किती खाल्लीस?" सुनेने विचारलं.

"चार. बाबांनी स्वतः उकडली वहिनी, नाही कसं म्हणू? कडू होती, मग साखर लावली." ठमीने घशाला हात लावला. "जीभ बधिर झाल्यासारखी वाटतेय. आणि पोटात ढवळतंय. तुझ्यासाठी दोन ठेवलीत झाकून."

किती वाजता खाल्लीस, हे विचारताना सुनेचा आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. साडेआठला. म्हणजे साडेतीन तास झाले होते. तिने रुग्णवाहिकेला फोन लावला, काय खाल्लं, किती खाल्लं, सगळं सांगितलं. पलीकडचा माणूस आधी पटापट बोलत होता, कंदाचं नाव ऐकल्यावर सावकाश बोलायला लागला. उरलेले कंद सोबत घ्या म्हणाला. तेवढ्यात ठमी मोरीकडे धावली.

झाकलेले दोन कंद डब्यात घालून सून वळली, तर दारात सासरे. चौकट धरून उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी हात पुढे केला. तिने एक कंद त्यांच्या तळव्यावर ठेवला. त्यांची बोटं त्यावरून फिरली, आणि मधल्या बेचक्यापाशी थांबली.

आता तरी बोलायलाच हवं होतं.

"बाबा, तुम्हाला दिसत नाही," ती म्हणाली. "मला महिन्यापासून माहीत आहे. गुलाब मी नीट केले, ट्रे मी पेरला. मी सांगायला हवं होतं."

सासरे रागावले नाहीत. तिला वाटलं होतं तसं काहीच त्यांच्या चेहऱ्यावर आलं नाही.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "कोरड्या ट्रेमधलं बी मी पेरलेलं नव्हतं, हे मला कळत नाही होय? मागून तू बघतेस, म्हणून तर मी न चाचपता निर्धास्त पेटीत हात घालत होतो, पोरी. आज सकाळीही मला वाटलं, तू घरातच आहेस."

मोरीतून ठमीने बाबांना हाक मारली. ते भिंत चाचपत तिच्याकडे निघाले, आणि सून डबा छातीशी धरून रुग्णवाहिकेचा आवाज येतोय का ते ऐकत दारात उभी राहिली.