टोचतं ते तोंड

“आत्याबाई, हजारदा सांगितलं होतं तुम्हाला, त्याच्या डोक्याला धक्का लागता कामा नये!”

“मग लागला का? डोकं सोडूनच हाणलंय मी.”

वहिनी दारात, आणि आमची आई पाट्याजवळ वरवंटा धरून उभी. पाट्यावर वीतभर लांबीचा साप. साप कसला, चपलेचा तुटका बंद म्हणा. काळपट, चकचकीत, आणि एका टोकाचा पार चेंदामेंदा. आई मात्र शाबासकीची वाट बघत होती.

आम्ही हा साप बारा दिवस शोधत होतो. आमच्या शेताच्या डोक्यावर मुरमाचं टेकाड आहे. त्याच्या पायथ्याला झिरा. त्या झिऱ्यावर वहिनीचं आल्याचं रान उभं आहे. भाऊ गेल्यापासून या घराला दुसरा आधार नाही. माझं म्हणाल तर मी दीर, सांगकाम्या. आणि ते टेकाड रस्त्याच्या भरावासाठी ठेकेदाराला देऊन टाकलं. कोणी दिलं? ज्यांना कधी झिऱ्यावर वाकून पाणी प्यायची वेळ आली नाही, त्यांनी.

त्यातच टेकाडाच्या पायथ्याला वहिनीच्या कुदळीखाली असलाच एक साप दोन तुकडे होऊन निघाला. शाळेत सापांवर बोलायला कॉलेजातले एक सर आले होते. मी नि वहिनीनं कागदात बांधून तो त्यांना दाखवला. सर उन्हातच उकिडवे बसले, भिंग लावलं आणि खवले मोजायला लागले. तीनदा मोजले.

“हा वाळा नाही,” सर म्हणाले. “आपला नेहमीचा वाळा असतो ना, कुंडीतल्या मातीत सापडणारा, त्याच्या अंगाभोवती खवल्यांच्या वीस ओळी. याच्या अठराच भरतायत.”

“दोन ओळींनी काय होतं, सर?” वहिनीनं विचारलं.

“दोन ओळींनी जात बदलते, ताई. हा फक्त याच टेकाडात असेल, तर टेकाडाला हात लावता येणार नाही. पण याचं डोकं सुकून गेलंय. डोक्यावरच्या खवल्यांशिवाय नाव देता येत नाही. अख्खा साप हवा.”

झालं. जन्मभर दिसला साप की ठेच डोकं, हे शिकलेली आम्ही माणसं. आता त्याच सापाचं डोकं जपायला निघालो. साप साप म्हणून भुई धोपटतात, आम्ही भुई शिंपायला लागलो. कोरडं पडलं की तो खोल जातो, म्हणून टेकाडावर घागरी नेऊन ओतल्या. दगड उलटले, मुंग्यांची वारुळं उकरली. गांडुळं निघाली, गोमी निघाल्या, मला विंचवानं नांगी मारली. साप काही निघेना. आणि टेकाडाबद्दलच्या आमच्या हरकतीवर कचेरीत सुनावणी होती, तिच्या आदल्या दिवशी तो आमच्याच न्हाणीच्या मोरीपाशी आला, आईच्या हाती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू.

मी सरांनी दिलेल्या भिंगातून पाहिलं. शाबूत टोकाला डोळ्याचा ठिपका नव्हता, जीभ नव्हती. बारीक काटा होता.

“आई, ही शेपटी आहे.”

“शहाणा आहेस! धरल्याबरोबर हाताला टोचलं त्यानं. टोचतं ते तोंड, एवढं कळतं मला. म्हणून ती बाजू राखली आणि दुसरीकडून हाणला.”

“पण हाणलाच का?”

“साप होता ना रे!”

या सापाला दोन्हीकडं सारखंच बोथट टोक. रेटा द्यायला शेपटीला काटा असतो, हे सर आम्हाला सांगायला विसरले होते. वहिनी पाट्याशी बसून त्या चेंद्यात डोकं शोधायला लागली. आईला तेव्हा कुठं उमगलं. वरवंटा तसाच हातात. वहिनीनंच उठून तो काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सर बरणी घेऊन आमच्याबरोबर कचेरीत आले. साहेबानं टेबलाखाली बूट काढून ठेवले होते.

“डोकं कुठाय?”

“ठेचलं गेलंय. पण ओळी अठराच आहेत, साहेब. पंधरा दिवस द्या, अख्खा नमुना आणतो.”

“सर, तुम्ही शिकलेले. नमुना अपूर्ण म्हणजे नाव नाही. नाव नाही म्हणजे साप नाही. आणि नसलेल्या सापासाठी मी रस्ता थांबवू?” त्यानं शेरा मारला: *सामान्य वाळा असावा.*

असावा! एका ‘असावा’वर टेकाड गेलं. साहेबानं बरणी उचलूनसुद्धा पाहिली नाही.

गुरुवारी खोदाईचं मशीन आलं. पहिल्याच घासाला मुरूम ओलाकच्च निघाला, आणि त्यात ते साप. चिमटीनं वेचावेत इतके. उजेड अंगावर पडताच वळवळत खाली घुसायला बघत होते, आणि खाली राहिलं होतं काय?

“थांब रे बाबा!” वहिनी मशीनपुढं उभी राहिली.

“गांडुळं आहेत, मावशी. बाजूला व्हा. माझी फेरी चुकली तर मालक मला गाडतील.” मशीनवाला वाईट नव्हता. त्यानं एक बिडी संपेपर्यंत मशीन बंद ठेवलं. तेवढ्यात आम्ही नऊ वेचले. नऊच्या नऊ अख्खे.

सरांनी आठवड्यानं फोन केला. आवाज चढलेला होता. “वहिनींना सांगा, आपलं खरं ठरलं! नवीनच जात आहे. कुठल्याच पुस्तकात नाही.”

मी फोन वहिनीकडं दिला. ती आल्याच्या रानात उभी होती. झिरा तीन दिवसांपूर्वी गढूळ झाला होता, कालपासून नुसता चिखल. पानांच्या कडा पिवळ्या पडायला लागल्या होत्या.

“मग आता मशीन थांबेल?” तिनं विचारलं.

सर हळूच म्हणाले, “साहेबांना भेटलो. ते म्हणतात, टेकाड राखायचं तर टेकाड हवं. ताई, मला कागदात एक रकाना भरायचाय. राहण्याचं ठिकाण. काय लिहू?”

समोरच्या रस्त्यावरून मुरमानं भरलेला ट्रक चालला होता, ताडपत्रीखालून माती सांडत. वहिनी डोळे बारीक करून मागची पाटी वाचायला लागली.

“घ्या लिहून,” ती म्हणाली. “नंबर सांगते.”