लाल गाडीला पांढरा रंग

गाडीला रंग घरीच मारायचा असं आमच्या ह्यांनी ठरवलं, तेव्हा मी म्हटलं, भिंतीला चुना लावताना अर्धा अंगावर घेता तुमी, गाडी काय रंगवणार! पण हनुमंत नावाचा माणूस एकदा डोक्यात घेतलं की कुणाच्या बापाचं ऐकत नाही. आणि खरं सांगू का, मीही फार अडवलं नाही. ती लाल गाडी मलाही डोळ्यांसमोर नकोशी झाली होती.

गाडी माझ्या दिराची, इंद्रजितची. शिरवळला कंपनीत होता, सुट्टीला वेल्ह्याला यायचा. गाडी घेऊन वर्षही झालं नव्हतं, तोवर किकवीजवळ हायवेवर अपघातात गेला. तोही मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसून. गाडी कंपनीच्या दारात जशीच्या तशी उभी, साधा ओरखडा नाही. ह्यांनीच ती घरी आणली. विकायची भाषा कुणी काढली नाही. डेअरीला दूध घालायला, दवाखान्याला, तीच वापरात आली.

कोंडिबा म्हणजे माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणते. त्यांना हे सगळं ठाऊक होतं. दहाव्याला नदीवर तेच तर बसले होते. पण पुढं त्यांचं डोकं हळूहळू रिकामं होत गेलं. आधी म्हशींची नावं गेली, मग सासूबाई कधी वारल्या ते गेलं, आणि मग इंद्रजित गेला हेही गेलं. रोज आंघोळ करून, टोपी घालून पायरीवर बसायचे. लाल गाडी वळणावर दिसली की हात टेकून उभे राहायचे. "आला का रं इंद्रजित?" दार उघडून हे उतरायचे. मामांचं तोंड एवढंसं व्हायचं. "तू व्हय," म्हणायचे आणि खाली बसायचे.

सुरवातीला आम्ही खरं सांगायचो. ते नव्यानं रडायचे, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. मेलेल्या माणसाची बातमी रोज रोज कशी द्यायची हो? मग मीच म्हटलं, ड्युटीवर आहे म्हणून सांगायचं. खोटं तर खोटं.

एकदा हे जेवता जेवता ताटावरनं उठले. मी विचारलं काय झालं, तर डोळ्यात पाणी. "म्या गाडीतनं उतरलो की त्येंच्या तोंडावर दिसतंय बघ, ह्यो कशाला आला म्हून. म्या बी त्येंच्याच पोटचा हाय की. रंग बदलतो गाडीचा. मग तरी म्या आलो म्हंजी मीच आलोय, असं वाटंल त्येंना." एवढं बोलून हात धुवायला गेले. त्या दिवसानंतर मी रंगाला नाही म्हटलं नाही.

गॅरेजवाल्यानं सांगितलेला खर्च ऐकून हे भोरहून तोंड पाडून आले. मग सुरू झालं स्प्रे गनचं पुराण. आधी तर भातावर औषध मारायच्या पंपानंच गाडी रंगवायला निघाले होते. तो पंप मी माळ्यावर टाकून शिडी लपवली. मग मोबाईलवर एक गन पसंत पडली, नुसता प्लग लावायचा आणि मारत सुटायचं. स्वस्तही होती. पण मागवायच्या आधी भोरच्या वसंतरावांना विचारा म्हटलं. एस. टी. स्टँडमागं त्यांचं रंगाचं दुकान आहे.

वसंतराव बोलायला गोड, पण खोटी आशा लावणारे नाहीत. म्हणाले, प्लगवाली गन दाराखिडक्यांना चालेल, गाडीवर मात्र तिचा रंग जाड पडतो, संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. वर कप असलेली, बारीक तोंडाची गन घ्या, ती काही महाग नाही. महाग असते हवा. कॉम्प्रेसर लागतो तिला. ते ऐकून ह्यांचा चेहरा उतरला. तेव्हा वसंतरावांनीच विचारलं, तुमच्याकडं कुणी पंक्चरवाला नाही का? तर होता की! चिमाजीचं पंक्चरचं दुकान आमच्या रस्त्यावरच. त्यानं कॉम्प्रेसर दिला, वर टाकीत साचलेलं पाणी आधी सोडून द्या, नाहीतर रंगात थेंब उठतील, म्हणून बजावलं.

मग काय विचारता. हात बसवायला म्हणून गोठ्याचा पत्रा पांढरा झाला, पाण्याचं पिंप पांढरं झालं, दारातलं माझं तुळशीवृंदावन पांढरं झालं. थिनरच्या वासानं मामांना खोकला लागला, तेव्हा त्यांना किकवीला, माझ्या नणंदेकडं, मंगलकडं पाठवलं. तेही बरंच झालं. त्यांच्या डोळ्यांदेखत लाल रंग घासायची माझी तरी छाती नव्हती.

ह्यांनी दिवस निवडला तो वारा पडलेला. रंग मारायला वारा नको, हे बरोबर. पण वारा पडला की सगळं गाव राब भाजतं. भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा, शेण पसरून पेटवून देतात. जन्म भातात गेलेला माणूस, आदल्या दिवशी शेजारच्या भिमाला ह्यांनीच सांगितलं होतं, उद्या वारं न्हाई, पेटवून घे. दुपारी गाडी ओल्या रंगात लखलखत होती, आणि वरच्या खाचरातली काळी राख तरंगत तरंगत येऊन बॉनेटवर बसली. टपावर बसली. भिमा धावत आला, पण करतो काय बिचारा? हे हसले. कितीतरी दिवसांनी हसलेले पाहिले मी त्यांना. म्हणाले, माझंच डोकं ठिकाणावर न्हाई. दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपर पाण्यात भिजवून सगळं घासलं, गोठ्याला ताडपत्र्या बांधल्या आणि आत परत रंग मारला. या खेपेला खरंच चांगला बसला. पांढरीशुभ्र गाडी. इंद्रजितची म्हणून कुणी ओळखली नसती.

मंगलनं मामांना एस. टी. नं आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ, टोपी, पायरी. मी दारात तांदूळ निवडत होते. हे डेअरीहून आले. गाडी अंगणात शिरली, थांबली. मामा उठले नाहीत. मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! हे उतरले, हसतच जवळ आले, आणि वडलांच्या समोर उभे राहिले.

मामांनी त्यांच्याकडं पाहिलं. नीट, बराच वेळ पाहिलं. तोंड पडलं नाही की काही नाही. मग पाय आवरून घेतले आणि पायरीवर बाजूला जागा केली.

"या, बसा. पोरी, पाव्हण्यास्नी पानी आन गं."

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. इंद्रजितच्या गाडीतनं उतरतो तो थोरला, एवढीच ओळख त्यांच्याजवळ उरली होती, आणि ती आम्ही घासून काढली होती. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी उठले, तांब्या भरून आणला. हे पायरीवर बसले आणि पाणी प्यायले.

"हायवेनं आला असाल," मामा म्हणाले. "वाटंत लाल गाडी दिसली का? आमचं पोरगं यायचं हाय."

"न्हाई दिसली."

"यील. येकुलतं येक हाय. मला सोडून कुठं जातंय?"

ह्यांनी तांब्या खाली ठेवला. "येतो मग," म्हणाले, आणि उठून गोठ्यात गेले. मी पाठोपाठ गेले नाही. मामांनी तांब्या माझ्याकडं सरकवला आणि विचारलं, पाव्हणं कुठलं होतं गं?