महानंदाचं खुरपं

बंगळुरूच्या पीण्यातला कारखाना बंद पडला तेव्हा बसवंत म्हणाला होता, सुटलो एकदाचा. सव्वीस वर्षं त्याने ग्राइंडिंग मशीनवर लोखंड सरळ करण्यात घालवली होती. सूतभर वाकडं दिसलं की त्याचं डोकं फिरायचं. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जाते कुठे? आनेकलच्या पुढे दहा गुंठ्यांत घर बांधून तो बायकोला घेऊन आला, तो धार लावायची मोटर बरोबर घेऊनच. गावात कुणाचा विळा बोथटला की तो बसवंतण्णाच्या दारात यायचा.

काचबिंदूने दोन वर्षांत महानंदाचे दोन्ही डोळे नेले. शहरातल्या डॉक्टरांनी हात टेकले. चूल सुटली, शिवण सुटलं. उरले ते परसातले मिरचीचे चार वाफे. लग्नानंतर निपाणीहून आणलेलं खुरपं घेऊन ती रोज सकाळी तिथे बसायची आणि चाचपत चाचपत तण काढायची. तेवढा वेळ ती आंधळी नसायची. तिने कधी एक रोप कापलं नाही. बाई डावखुरी, त्यामुळे खुरप्याचा एक कोपरा झिजून पार गोल झाला होता. तो कोपरा ती आधी पुढे सारायची. रोपाच्या खोडाला तो टेकला की कापत नसे, नुसता अडायचा, आणि तिला कळायचं. यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलं नाही, आणि नवऱ्याने विचारलं नाही.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी बसवंतने सगळी अवजारं अंगणात काढली. कुदळीचा गंज रॉकेलने घासला, कोयत्याला धार लावली, फावड्याच्या ढिल्या दांड्यात पाचर ठोकली. बऱ्याच दिवसांनी तो गुणगुणत होता. मग हातात ते खुरपं आलं. एक बाजू धड, दुसरी खाल्लेली. असल्या अवजाराला काय हळदकुंकू वाहायचं? त्याने ते मोटरीवर धरलं आणि पातं सरळ करून दोन्ही कोपरे गुण्या लावून काटकोनात आणले. मुठीत तिच्या अंगठ्याने पाडलेला खड्डा होता, म्हणून ती मूठही चुलीत घातली आणि पेरूच्या लाकडाची नवी बसवली. बायकोसाठी एवढं मन लावून त्याने कधी काही केलं नव्हतं.

नवमी आणि दसरा, दोन दिवस अवजारांना कुणी हात लावला नाही. तिसऱ्या सकाळी महानंदाने खुरपं हातात घेतलं, मूठ दोनदा फिरवली.

"हे कुणाचं दिलासा ओ मला?"

"तुझंच की. नवं करून दिलंय."

ती वाफ्यात जाऊन बसली. बसवंत नारळाला आळं करत होता. थोड्या वेळाने त्याने मान वर केली, तर ती खुरपं खाली ठेवून हाताने माती चाचपत होती. उपटून टाकलेल्या गवतात मिरचीची फुलावर आलेली अकरा रोपं होती, बुडापासून साफ कापलेली. ती एकेक उचलून पानांवरून बोट फिरवत होती.

करायला गेला गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून लोक हसतात. बसवंतला हसू आलं नाही. त्याने खुरपं ओढून घेतलं आणि मोटर सुरू केली. कोपरा गोल केला, तिच्या हातात दिला. तिने चाचपून नकाराची मान हलवली. आणखी घासला, तिने पुन्हा मान हलवली. लोखंड घासून काढता येतं, परत लावता येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? आणि खरी लाज पुढेच होती. केसाएवढा फरक नजरेने ओळखणाऱ्या माणसाला वीस वर्षं घरात असलेल्या खुरप्याचा आकार आठवत नव्हता. त्याने तो कधी पाहिलाच नव्हता. चौथ्या वेळेला पातं दोन बोटं उरलं, तेव्हा तिने त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे आता. मिरच्या काय, बाजारात मिळत्यात."

ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी त्याने आनेकलहून नवं खुरपं आणलं. तिने ते कोपऱ्यात ठेवायला सांगितलं. वाफ्यांत तण माजलं. त्याने ते काढायला घेतलं, पण तिच्या जागी बसवेना, म्हणून तसंच सोडलं.

आता महानंदा सोप्यात भिंतीला टेकून बसते. आज सकाळपासून तिने चौथ्यांदा विचारलं, किती वाजले. साडेनऊ, बसवंत म्हणाला.