वाढत्या अंगाची विंग

जुनी म्हणा, पण फाटकी म्हणू नका. माझ्या अंगावर एक ठिगळ नाही. पंचवटीतल्या एका शिलाईच्या खोलीत, मशीनच्या बरोबर वर, मी खिळ्याला टांगलेली असते. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलंत तर म्हणाल, ही कसली काळी ट्यूब. ट्यूब नाही. मी विंग आहे. खोल पाण्यात उतरणारा पाणबुड्या पाठीला स्टीलची पाटी बांधतो, पाटीला हवेची टाकी लावतो, आणि त्या दोघींच्या मधे मला बसवतो. माझ्यात हवा भरली की तो वर येतो, सोडली की खाली जातो. बरोबर लागेल तेवढीच भरली, तर ना वर ना खाली, आभाळातल्या घारीसारखा जागच्या जागी राहतो. माणसाला जे जन्मात जमलं नसतं ते मी देते. हे मलाच सांगावं लागतं, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

तीस किलो उचलते मी. हा आकडा लक्षात ठेवा. पुढचं सगळं रामायण त्यावरून झालं.

माझा जन्म परदेशातला. कुठल्या देशातला ते विचारू नका, मी काही शाळेत गेलेली नाही. एका बाईच्या हाताखाली माझी शिवण पडली आणि शिवताना ती बाई एक शब्द बोलली नाही, एवढंच आठवतं. तिथून मी मुंबईला आले, जहाजांची बुडं तपासणाऱ्या एका पाणबुड्याकडे. त्याच्या पाठीवर दोन टाक्या असायच्या, वर अवजारं. एवढं ओझं पेलायला माझ्यासारखीच लागते. अकरा वर्षं मी त्याला खाली नेलं आणि सुखरूप वर आणलं. काम झालं की तो मला गोड्या पाण्याने आतून बाहेरून धुवायचा, उलटी धरून निथळायचा, थोडी हवा भरून सावलीत टांगायचा. "घोडी आहे घोडी," असं म्हणून थोपटायचा. मग त्याची कंबर गेली आणि त्याने मला विकलं. त्या दिवशी थोपटलं नाही. गिऱ्हाईक दारात असताना कोण थोपटतं.

मला नाशिकच्या महेशने घेतलं. महेश खोल पाण्यात उतरायचं शिकवायचा. शहराबाहेर एक बंद पडलेली दगडखाण आहे, पाण्याने भरलेली, नव्वद फूट खोल. ती त्याची शाळा. काठावर विकायच्या सामानाची पत्र्याची शेड. तिथे दोन वर्षं मी धूळ खात टांगून होते. शेजारच्या खिळ्याला दुसरी एक विंग होती. चौदा किलोची, एकाच टाकीपुरती. मी तिला पापडी म्हणायचे. ती उलट बोलायची नाही, म्हणून मला जास्तच राग यायचा.

एके दिवशी शेडमध्ये चैताली आली. विशीतली, दंडाने घट्ट, डोळ्याने शांत. मालवणला दोन हंगाम पर्यटकांना समुद्राचा तळ दाखवून आलेली. उथळ पाण्यात ती तयार होती, पण खोल पाण्याच्या कामात नवीन. धरणांचे दरवाजे पाण्याखालून तपासणारं एक पथक होतं, त्यात एक जागा निघाली होती. एकच. महेशची परीक्षा पास होईल त्याला ती मिळणार, आणि सामान ज्याचं त्याने आणायचं. त्या एका जागेवर दोघांचा डोळा होता. एक चैताली आणि दुसरा सटाण्याचा धनराज. चैतालीला ती जागा किती हवी होती ते मी नंतर तिच्या पाठीवर बसून ऐकलं. पाणी बघितलं की तिचं काळीज आधी थांबायचं आणि मग पळायचं.

तिच्याबरोबर तिची आजी होती, लंकाबाई. आईबापामागे तिनेच पोरीला वाढवलेलं. लंकाबाई शाळेचे गणवेश शिवते. मित्रांनो, तुमच्या चड्डीची कंबर करगोट्याने आवळावी लागत असेल आणि बाही बोटांच्या टोकाशी येत असेल, तर समजा तो गणवेश तिच्या हातचा. तिने शिवलेलं कापड पहिल्या दिवशी कोणाला नीट बसलं असं कधी झालं नाही. "वाढत्या अंगाचं शिवलंय," असं ती म्हणते आणि आत चार बोटं कापड दुमडून ठेवते. आया खूश होतात. पोर दोन वर्षं पोत्यात घातल्यासारखं फिरतं, आणि ज्या वर्षी गणवेश अंगाला बसतो त्या वर्षी कोपरावर फाटतो.

महेशने पापडी काढली आणि चैतालीच्या पाठीवर चढवली. काय सांगू, कातडीसारखी बसली. चैतालीने दोन्ही खांदे फिरवून बघितले आणि हसली.

"हीच घे," महेश म्हणाला. "तुला एकच टाकी लावायचीय. चौदा किलो पुष्कळ झाले."

लंकाबाईने पापडीचा कोपरा दोन बोटांत धरला, नासकं फडकं धरावं तसा. "ही बाळंतविड्यातली दिसते. त्या मोठीचं काय?"

"ती दोन टाक्यांची आहे, आजी."

"पुढं ही दोन टाक्या लावणारच ना?"

"लावेल. दोन-तीन वर्षांनी."

"मग आत्ता लहान घ्यायची, नंतर फेकायची, परत मोठी घ्यायला तुमच्याच दारात यायचं. मास्तर, तुमचं दुकान चालावं म्हणून आमची पोर वाढतेय का?"

महेशचा चेहरा उतरला. "आजी, हे काय झंपर आहे का चार बोटं आत दाबून ठेवायला? जादा पिशवी टाकीच्या दोन्ही अंगांनी दुमडून वर येते. त्या घडीत हवा अडकते. सोडायला गेलं तर सुटत नाही."

"दुमडते ना, मग मी बांधून देते. चाळीस वर्षं ढगळं अंगाबरोबर करतेय मी. तुम्ही तुमचं पाणी बघा. माप मला नका शिकवू."

"आजी," चैताली हळूच म्हणाली, "मला ही लहान बरी वाटतेय."

"तुला काय कळतंय. तिसरीतला फ्रॉक तुला पाचवीत बसला. तेव्हा पण अशीच रडली होतीस."

शेडच्या दारात धनराज उभा होता. तो हसला. चैतालीने मान खाली घातली आणि पाठीवरची पापडी उतरवली.

आता माझं ऐका. मला सगळं माहीत होतं. एका टाकीवर मी कशी वागते हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण दोन वर्षांनी कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं होतं. लंकाबाईने माझ्या शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "याला म्हणतात माल." तिचं न् माझं तिथेच जमलं. दोघींना वाटत होतं की मोठं ते चांगलं आणि आपण मोठ्या. मी पापडीकडे वरून खाली बघितलं आणि चैतालीच्या खांद्यावर बसून ऐटीत बाहेर पडले. दुसऱ्याच दिवशी धनराजने पापडी नेली.

घरी लंकाबाईने सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या आणि मला सहा ठिकाणी करकचून आवळलं. "बघ, कशी सुटसुटीत झाली," ती म्हणाली. चैतालीने एका पट्टीखाली बोट घालून बघितलं. बोट जाईना. "आजी, महेशसर म्हणाले होते..." एवढं ती बोलली. "सरांनी तुला लहानाची मोठी केली का?" लंकाबाई म्हणाली. चैतालीने बोट काढून घेतलं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी खाणीच्या काठावर महेशने प्रत्येकाचं सामान तपासलं. माझ्यापाशी आला. रबराच्या पट्ट्या बघितल्या. त्याने तोंड उघडलं, काठावर डबा घेऊन बसलेल्या लंकाबाईकडे बघितलं आणि तोंड मिटलं. दुकानावरून लागलेलं बोलणं त्याला अजून टोचत होतं. "जपून," एवढंच चैतालीला म्हणाला. जपून म्हणायला काही लागत नाही. पट्ट्या काढायला चाकू लागला असता, तो त्याच्या पोटरीला बांधलेलाच होता.

नव्वद फुटांवर चैतालीने पंचवीस मिनिटं काम केलं. दोऱ्या बांधल्या, सोडल्या, चष्मा काढून परत घातला, डोळे मिटून परतीची दोरी शोधली. एक चूक नाही. मालवणच्या पोरी अशा असतात, असं मला वाटलं, आणि ती तर नाशिकची होती. मग वर यायची वेळ झाली. एवढा वेळ खोल राहिलेल्या माणसाने तीन ठिकाणी थांबत थांबत यायचं असतं. अंगात मुरलेली हवा हळूहळू निघून जावी लागते. घाई केली तर सोड्याच्या बाटलीचं बूच उडवल्यासारखं रक्तात होतं.

साठ फुटांवर तिने माझी हवा सोडायची दोरी ओढली. माझ्यातली हवा सुटायला हवी होती. थोडी सुटली. बाकीची पट्ट्यांच्या मागे, घड्यांमधे कोंडून बसली. चैताली थोडी वर सरकली तशी ती हवा फुगली, कारण वर जाताना हवा फुगतेच. हवा फुगली तशी ती आणखी वर सरकली. तिने दोरी परत ओढली. परत ओढली. मग दोन्ही हातांनी. मला तिचं काळीज ऐकू येत होतं. परीक्षा घ्यायला बरोबर उतरलेल्या महेशने खालून तिचा पाय धरला, तो सुटला. शिकवल्याप्रमाणे ती श्वास सोडत राहिली म्हणून छाती वाचली. पहिला थांबा गेला. दुसरा गेला. तिसरा कुठे होता ते मी बघितलंसुद्धा नाही. मला लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगते, इतक्या वर्षांनी पोटभर फुगून मला बरं वाटत होतं.

आम्ही बुचासारख्या पाण्याबाहेर उडालो. काठावर लंकाबाई उठून उभी राहिली.

"बघा मास्तर," ती रिकाम्या पाण्याकडे बघून म्हणाली, "माझीच पोर सगळ्यांच्या आधी आली."

चैताली काठावर बसली ती उठलीच नाही. आधी मुंग्या आल्या म्हणाली. मग म्हणाली, "आजी, माझा डावा पाय कुठे आहे?" पाय तिच्या समोरच होता. तिला प्राणवायू लावला, गाडीत घातलं, मुंबईला नेलं, तिथे दाबाच्या हवेच्या बंद खोलीत कितीतरी दिवस ठेवलं. पाय परत आला, पण अर्धा. आता ती तो ओढत चालते. धनराजने आठवड्याने परीक्षा दिली, पापडी पाठीवर घेऊन, आणि जागा त्याला मिळाली.

तुम्हाला वाटेल, लंकाबाई रडली असेल, माफी मागितली असेल. ती एवढंच म्हणाली, "हल्ली रबर चांगलं येत नाही."  चैतालीने कात्रीने माझ्या सहा पट्ट्या कापल्या, मला मशीनच्या वर टांगलं आणि उजव्या पायाने मशीन मारायला शिकली.

आता गणवेशाची मापं तीच घेते. एखादी आई आली आणि म्हणाली, "जरा वाढतं ठेवा हं," की चैताली मान वर करते आणि माझ्याकडे बघते. मग आजीकडे बघते. "अंगाबरोबर शिवणार," ती म्हणते. "वाढला की परत घेऊन या." लंकाबाई काजं करत असते. जिच्या जिभेला सारी गल्ली टरकायची, ती दोरा ओवायचं निमित्त करून खाली बघते.

आणि शनिवारी माझी काळजी घेतात. अशी काळजी मुंबईच्या पाणबुड्यानेसुद्धा घेतली नव्हती. माझ्यासारख्या पिशवीला पडून राहिलं की आतून चिकटायची भीती असते, म्हणून अधूनमधून हवा भरावी लागते. अर्धीमुर्धी भरली तरी चालते. चैतालीला पूर्ण लागते, शिवण ताठ होईपर्यंत. पंप घरात आहे, पण तो ती काढत नाही. लंकाबाई मला धुते, उलटी धरून निथळते, मांडीवर घेते आणि नळी तोंडात धरून फुंकते. तीस किलो म्हणजे तीस लिटर हवा. सत्तरीच्या बाईच्या एका फुंकरीत लिटरभर मावत नाही. तिच्या थुंकीला कापूर आणि पानाचा वास येतो. मधे ती थांबते, छातीवर हात ठेवते, मशीनचा आवाज थांबतो. मग ती परत फुंकते आणि मशीन सुरू होतं.

मागच्या महिन्यात धनराज आला होता, पथकाची टोपी घालून. दारातच उभा राहिला. "चैताली, मला आता दोन टाक्या लावायला सांगितल्यात," तो म्हणाला. "ती मोठी विंग देतेस का? नुसती पडूनच आहे."

माझ्या अंगावर काटा आला. दोन टाक्या. पुन्हा पाणी. आता मी त्याच्या मापाची होते, आणि माझ्या मापाचं ओझं मला मिळणार होतं. लंकाबाईनेही सुई खाली ठेवली. "देऊन टाक गं," ती म्हणाली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता, मागितल्यासारखा.

"पडून नाही," चैताली धनराजला म्हणाली. "रोज कामात आहे."

तो गेला. लंकाबाईने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. त्या शेडमधे आम्ही दोघींनी एकमेकींना पसंत केलं होतं.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या असं तुम्हाला शाळेत सांगतात. घ्या. पण वस्तू आणताना ज्याच्या अंगावर ती बसायची आहे त्याला आधी विचारा, आणि तो हळू बोलला तर जवळ जाऊन ऐका. आणि ज्याला कळतं त्याने कोणाच्या जिभेला भिऊन तोंड मिटू नये. महेशने मिटलं, चैतालीने मिटलं, आणि मला तर फक्त नळी आहे. मी धुतलेली आहे, ताठ आहे, माझी एक शिवणसुद्धा उसवलेली नाही. माझ्यासारखी निगा वैऱ्याच्या वाट्यालाही नको.

कालच्या शनिवारी लंकाबाई अर्ध्यावरच थांबली. तिचे ओठ निळे पडले होते. "पुरे का गं?" तिने विचारलं.

चैतालीने टेपवरची नजर काढली नाही.

"वाढत्या अंगाची आहे, आजी," ती म्हणाली. "अजून मावेल."